आधी उजेडात धरा : जुन्या कपड्यांतून लहान लेकरांच्या घरासाठी

माझी मोठी लेक पोटात होती तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लोखंडी पेटीतून स्वतःची एक सुती साडी काढली आणि मला कात्री घेऊन बसवलं. मी साडी फरशीवर अंथरली, मधोमध घडी घातली आणि कापायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "अगं, आधी उजेडाकडं धरून बघ की. जीव कुठं उरलाय ते दिसू दे." आम्ही दोघींनी दारात उभं राहून साडी ताणून धरली. बाहेर लातूरचं मार्च महिन्याचं ऊन. निऱ्यांच्या जागी कापडातून अंगण दिसत होतं. पायाकडच्या काठावर बोटभर पट्टी पार विरली होती. पण कमरेत खोचायचं टोक, जे इतकी वर्षं कुणाला दिसलंच नव्हतं, ते अजून घट्ट होतं.

जुन्या कपड्यांतून काय काय करता येतं याच्या याद्या खूप मिळतात. त्यात आधी वस्तू ठरलेली असते आणि मग तिच्यासाठी कापड शोधलं जातं. मी उलट्या बाजूनं जाते. कापडात किती जीव आहे ते आधी बघते आणि त्याला झेपेल तेच शिवते. असं केलं की शिवलेली वस्तू महिन्याभरात उसवत नाही, आणि "घरी केलेलं टिकत नाही" असं कुणाला म्हणायची वेळ येत नाही. दोन लेकरं, एकाचा पगार आणि भाड्याचं घर असताना हे मला फार उपयोगी पडलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

कपडा कुठं झिजतो

शर्ट जातो तो कॉलरच्या घडीवर, कफच्या कडेला, कोपरावर आणि काखेत. पाठ आणि पुढचा खालचा भाग बहुतेक वेळा नव्यासारखा असतो. फुलपँट गुडघ्यावर, बुडाशी आणि मांड्यांच्या आतून विरते, पण गुडघ्याखालचं कापड शाबूत राहतं. सलवार आसनापाशी फाटते, कमीजचा घेर टिकतो. चादर मधोमध विरते आणि कडांना दणकट राहते.

आमच्या आज्यांना हे पाठ होतं. लुगड्याचा मधला विरलेला भाग काढून दोन्ही चांगली टोकं त्या जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणायचे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बायकांच्या तोंडून मी हा शब्द ऐकला आहे. दंड घातलेलं लुगडं नेसणं हे तेव्हा घराघरातलं होतं.

उजेडात धरून झालं की दुसरी परीक्षा ओढायची. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना लावून कापड चिमटीत धरा आणि बाजूला ताणा. उभं ताणा, मग आडवं ताणा. धागे सरकले किंवा बारीक टर्र असा आवाज आला तर ते कापड अंगावरच्या कपड्याला चालणार नाही. त्याला गोधडीच्या आतल्या थरात जागा आहे.

तिसरी परीक्षा जाळायची. कापड सुती आहे की नाही हे हाताला कळतं असं वाटतं, पण टेरीकॉट, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, पुष्कळदा फसवतं. शिवणीच्या आतून चार धागे उपटा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. लेकरं जवळ नकोत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटानं चुरली जाणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची टणक काळी गुठळी होते. दोन्ही थोडं थोडं झालं तर मिश्र कापड.

लहान बाळाच्या अंगाला लागणारं सगळं सुतीच हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि बाळाच्या मानेला, काखेला घामोळं येतं. मिश्र कापडाच्या पिशव्या आणि बसकरं होतात. चकचकीत सिंथेटिक साडीचं पायपुसणं किंवा पिशवी करा, पण गरम भांडी धरायचं फडकं कधीही करू नका. गरम पातेल्याला ते चिकटतं आणि वितळलेलं कापड हाताची कातडी सोडत नाही.

पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे मी तान्ह्या बाळासाठी घेतच नाही. त्या गोळ्यांत नेफ्थलीन असेल तर त्याच्या वाफेनं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मोठी कावीळ होते. घरात बाळ येणार असेल तर आधीपासून पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा.

कात्री लावण्याआधी

रंग तपासायला पांढरा सुती बोळा साबणाच्या पाण्यात भिजवून कापडावर, विशेषतः काठावर, जोरात घासा. बोळ्याला रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी नको. मी दुसऱ्या दुपट्याला हे केलं नाही. पंधरा दिवसांच्या दुपारी घालवून शिवलेलं पांढरं दुपटं पहिल्याच धुण्यात लाल काठामुळं गुलाबी डागांनी भरलं. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, पण आजच्या रंगांवर मी त्याचा भरवसा धरत नाही. रंग जाणारं कापड वेगळंच वापरा.

जुन्या कापडाची एक मोठी सोय असते. त्याला जेवढं आटायचं तेवढं ते आटून बसलेलं असतं. नवीन अस्तर किंवा पट्टी त्याला जोडणार असाल तर ते नवीन कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच वापरा, नाहीतर शिवल्यावर एकटं तेच आटतं आणि शिवणीला चुण्या पडतात.

बटणं, चेन, हुक, नाडी, काठ, फॉल असं सगळं काढून डब्यात ठेवा. शिवण उसवताना दोरा ओढू नका, दर चौथा टाका टोकदार कात्रीनं कापा आणि मग दोन्ही कापडं अलगद वेगळी करा. आत्याबाई जुन्या ब्लेडनं हे सरसर करतात. मला ते जमत नाही आणि लेकरं असलेल्या घरात उघडं ब्लेड नकोच.

सामान थोडंच लागतं. कापडाची वेगळी कात्री (तिनं कागद कापू द्यायचा नाही), मापाची टेप, खडू, टाचण्या, बारीक आणि लांब अशा दोन सुया, सुती दोऱ्याची रिळं. पायमशीन असेल तर चांगलंच, नसेल तरी अडत नाही. खाली लिहिलेलं सगळं मी पहिली तीन वर्षं हातानं शिवलं आहे. जिथं ताण येतो त्या शिवणीला हातटीप घालायची, म्हणजे प्रत्येक टाका अर्धा मागं घेऊन पुढं जायचं. नुसता धावदोरा तिथं टिकत नाही.

दुपटं

दुपटं म्हणजे बाळाची गोधडी, आणि सुरुवात करायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही. मापात चूक झाली तरी बिघडत नाही.

साडेपाच मीटरच्या एका सुती साडीचे मीटर-मीटरचे पाच तुकडे पडतात. कात्रीनं कापण्यापेक्षा काठाला छोटी चीर द्या आणि फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर आपोआप सरळ फाटतं. पाचही तुकडे परत उजेडात बघा. सगळ्यांत घट्ट दोन वर आणि खाली जातील. विरलेले आत. उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला तीन थर पुरेत, हिवाळ्यातल्याला पाच. आतल्या थरांना भोकं असली तरी चालतात, फक्त एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकावर येऊ देऊ नका, नाहीतर तिथंच खड्डा पडतो. तुकडा फिरवून, उलटा करून ठेवला की जमतं.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा तुकडा उलटा अंथरा, त्यावर आतले, सगळ्यांत वर चांगला तुकडा सुलटा. आतले तुकडे चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर लहान कापा. आता तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा. चार कोपऱ्यांवर पाण्यानं भरलेले तांबे ठेवले की थर हलत नाहीत. मग कच्चे टाके घाला, बोटभर लांबीचे, मध्यापासून चारी दिशांना, अधिकच्या चिन्हासारखे. कडेपासून सुरुवात केली तर कापडाचा फुगा मध्ये जमतो आणि तो शेवटपर्यंत निघत नाही.

वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या कडा आतल्या बाजूला दुमडून समोरासमोर आणा आणि चारही बाजू शिवून घ्या. त्यानंतर खरा धावदोरा. काही घरांत कडेनं चौकोनात आत आत जातात, काही घरांत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ ओळी घालतात. पहिल्यांदा शिवणारीला मी सरळ ओळीच सांगेन. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. सुईवर चार-पाच टाके एकदम घ्या आणि दोरा ओढताना डाव्या हाताचा अंगठा ओळीवरून मागं फिरवत जा, म्हणजे कापड गोळा होत नाही.

दोरा सुतीच घ्या, दुहेरी, हातभर लांब. नायलॉनचा किंवा पक्का पॉलिएस्टर दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो. दोरा तुटला तर परत घालता येतो, कापड तुटलं तर काय करणार? गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा आणि सुटं टोक कुठंही बाहेर ठेवू नका. बाळाच्या बोटाला सुटा दोरा गुंडाळला गेला तर फास बसतो आणि बोट काळंनिळं पडेपर्यंत बाळ का रडतंय ते कळत नाही. धुतल्यावर दर वेळी दुपट्यावरून हात फिरवून सुटे दोरे कापा.

हे दुपटं बाळाच्या अंगाखाली घाला. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर सुटी, जाड गोधडी नको. ती तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही. टोपडं आणि कुंचीच्या नाड्यांचंही तसंच, झोपवताना त्या काढून ठेवा.

झोळीबद्दल इथंच सांगते, कारण नेमकी उलटी चूक होते. मऊ म्हणून जुनी साडी झोळीला बांधतात. झोळीवर बाळाचं सगळं वजन, वर झोक्याचा ताण, आणि गाठीपाशी कापड रोज घासतं. तिथं उजेडाच्या परीक्षेत शंभर टक्के पास झालेलं दणकट कापडच हवं, आणि बांधण्याआधी एका मोठ्या माणसानं हातानं जोर देऊन बघायला हवं. जुन्या साडीची मऊ घडी आत अंथरा. बाळ झोळीत नसेल तेव्हा झोळी वर बांधून ठेवा. मोठं भावंड तिच्याशी खेळायला जातं आणि गळ्याला पीळ बसतो.

बाळुती आणि पाणी

जुनं धोतर मिळालं तर बाळुत्यांना त्यासारखं कापड नाही. साठ सेंटिमीटरचे चौकोन फाडा, कडा एकदा दुमडून शिवा, किंवा नाही शिवल्या तरी चालतं, फक्त सुटलेले धागे काढा. लंगोट हवा असेल तर चौकोनाची तिरकी घडी घालून त्रिकोण करा आणि दोन टोकांना त्याच कापडाच्या दोन बोटं रुंद नाड्या हातटिपेनं लावा. अठ्ठावीस-तीस तुकडे असले तर पावसाळ्यातही निभतं.

माझी लेक २०१६च्या उन्हाळ्यात सहा महिन्यांची होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते हेच साल. टँकरचं पाणी मोजून वापरायचं आणि बाळुती तर रोजची. तेव्हा जी पद्धत बसली ती आजही सोडलेली नाही. शी झटकून टाकायची, आंघोळीचं जमवलेलं पाणी तांब्यानं ओतून पहिला घाण हात काढायचा. मग एका बादलीत थोड्या साबणात सगळी एकदम दोन तास भिजत ठेवायची. त्यानंतर चोळायची आणि पिळून काढायची. पिळणं नीट झालं तर पुढची खळबळ कमी पाण्यात होते. शेवटचं पाणी मात्र स्वच्छ, आणि तेच पाणी उद्याच्या भिजवणीला.

बोअरच्या जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवतो. तो साबण क्षारांबरोबर कापडात बसतो, बाळुतं कडक होतं, ओलं शोषत नाही आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. साबण कमी करा, भिजवायचा वेळ वाढवा. कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही.

बाबांच्या शर्टाचा फ्रॉक

हा माझा सगळ्यांत आवडीचा प्रकार, त्यामुळं जरा थांबून सांगते. तीन वर्षांच्या मुलीला धरून चालू.

वयाप्रमाणे माप सांगणारे तक्ते बाजूला ठेवा. लेकीला आत्ता नीट बसणारा, बिनबाह्यांचा एक सैलसर फ्रॉक घ्या. तोच आपला साचा.

शर्ट धुऊन इस्त्री करा, सगळी बटणं लावा. बाह्या शिवणीलगत कापून बाजूला ठेवा, त्यांची पुढं गरज आहे. आता शर्टाची उभी घडी अशी घाला की पुढची बटणपट्टी घडीच्या कडेला येईल आणि पाठीचाही बरोबर मध्य त्या कडेला. दोन्ही बगलांच्या शिवणी एकावर एक आल्या का ते बघा. साच्याचा फ्रॉकही उभा अर्धा दुमडा आणि शर्टावर ठेवा, घडीला घडी लावून. फ्रॉकची खालची कड शर्टाच्या खालच्या कडेशी जुळवा. शर्टाची खालची दुमड तयारच असते, ती वाया का घालवायची? शर्ट खालून गोल कापलेला असेल तर तोही घेर छान दिसतो.

मोठ्या माणसाचा शर्ट साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर लांब असतो आणि लेकीचा फ्रॉक पन्नास-पंचावन्न. म्हणजे फ्रॉकचा खांदा शर्टाच्या खांद्यापासून वीसेक सेंटिमीटर खाली येतो. कॉलर, खांद्यावरची दुहेरी पट्टी आणि काखेचा पिवळा डाग हे सगळं आपोआप सुटतं. जे झिजलं ते वर राहतं, जे चांगलं ते फ्रॉकला येतं.

पण खिसा बरोबर मध्ये येतो. कापण्याआधीच तो उसवा. आमच्या घरातल्या निळ्या शर्टाचा खिसा मी उसवला तेव्हा खाली हाताच्या तळव्याएवढा, शर्टाचा मूळचा निळा रंग निघाला. बाकी सगळा शर्ट उन्हानं आणि धुण्यानं इतका फिका झाला होता हे तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. खिशाच्या शिवणीत बसच्या तिकिटाचा भुगा होता. तो गडद चौकोन दिसू नये म्हणून मी त्यावर आत्याबाईंच्या साडीच्या काठातून कापलेलं पान शिवलं, आणि खिसा खाली, लेकीचा हात पोचेल तिथं लावला. तिनं पहिल्याच दिवशी त्यात शेंगदाणे भरले.

आता खडूनं आखा. खांदा आणि बगल यांना साच्याबाहेर दीड सेंटिमीटर, गळा आणि मुंढा (बाही लागते ती गोलाई) यांना एक. आखून झाल्यावर थांबा आणि शिवणीचं कापड खरंच बाहेर धरलंय का ते बोटानं चाचपून बघा. इथंच बहुतेक पहिले फ्रॉक आखूड होतात. चारही थर टाचण्यांनी धरून कापा. आधी चारही थरांचा गळा मागच्या गळ्याएवढा, म्हणजे दोन सेंटिमीटरच खोल कापा. मग फक्त पुढचा भाग वेगळा करून त्याचा गळा सहा सेंटिमीटरपर्यंत उतरवा. एकदम खोल कापला तर मागून फ्रॉक खांद्यावरून घसरत राहतो. गळ्याच्या रेषेत बटण आलं तर ते काढून थोडं खाली लावा.

जोडायचा क्रम असा. आधी खांदे, उलट्या बाजूनं, दोनदा टीप. मग गळा आणि मुंढे पट्टीनं बांधायचे. त्यासाठी कापून ठेवलेल्या बाहीतून उरेप पट्ट्या काढा. बाहीचं कापड सपाट करून उभ्या धाग्याला तिरक्या, पंचेचाळीस अंशांच्या रेषा मारा आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही, चुण्या पाडते. तिरकी पट्टी ताण घेते आणि गोल वळते. पट्टी सुलट्या बाजूला लावून टीप मारा, गोलाईवर कात्रीनं बारीक चिरा द्या (टीप कापू नका), मग पट्टी पूर्ण आत वळवून हेम टाक्यानं बसवा. शेवटी बगला शिवा. या क्रमानं मुंढा सपाट असतानाच बांधला जातो आणि नवशिक्या हाताला सोपं जातं.

पुढून अख्खी बटणपट्टी असल्यामुळं तीन वर्षांचं लेकरू स्वतःच फ्रॉक घालायला शिकतं. प्रत्येक बटण नव्यानं, दुहेरी दोऱ्यानं शिवा. घरात तिच्याहून लहान बाळ असेल तर सुटलेलं बटण तोंडातच जातं.

वाढीचा विचार आत्ताच करायचा असेल तर साच्यापेक्षा पाच सेंटिमीटर लांब कापा आणि ते जास्तीचं कापड कमरेखाली आतून एका आडव्या दुमडीत धरून लांब टाक्यांनी शिवून टाका. पुढच्या वर्षी दुमड सोडली की फ्रॉक परत मापाचा. दुमडीच्या जागी न फिकटलेली रेघ दिसते, तिच्यावर रंगीत धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या की ती नक्षीच वाटते. आपल्याकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या कशिद्यात साध्या टाक्यांच्या ओळी शेजारी शेजारी घालून काय देखणं काम उभं राहतं, ते जमलं तर जवळून बघा.

विकतची लेस, मणी, टिकल्या यांचा मोह आवरा. फुकटच्या कापडाला नव्या फ्रॉकच्या किमतीची लेस लावणं मला पटत नाही. साडीचा काठ घरात आहे.

फुलपँटीची लेकराची पँट

गुडघ्याखालचे दोन्ही पाय कापून घ्या. खालची दुमड तशीच ठेवा. लेकराची बसणारी पँट एका पायावर दुसरा पाय ठेवून दुमडा आणि या नळीवर ठेवा. आसनाची गोलाई आणि वर नेफ्यासाठी चार सेंटिमीटर धरून आखा. आतल्या बाजूची शिवण वरून आसनाच्या टोकापर्यंत उसवा आणि मग गोलाई कापा. एक पाय सुलटा करून उलट्या पायात घाला, दोन्ही गोलाया जुळल्या की एकाच टिपेत आसन शिवलं जातं. तिथं टीप दोनदा मारा. नेफ्यातलं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा पाच सेंटिमीटर कमी घ्या. दीड तासाचं काम आहे, आणि रांगणाऱ्या लेकराला अशा चार पँटी लागतातच. गुडघ्यावर आधीच बाहेरून ठिगळ लावून टाका. फाटल्यावर लावायचं ते आधी लावलं तर पँट दुप्पट चालते.

जीन्स

जीन्सचा आमच्याकडे एकच मोठा उपयोग आहे, बसकर. पायांच्या शिवणी उसवून लांब पट्ट्या करायच्या, शेजारी शेजारी जोडायच्या, खाली टेरीकॉटच्या पँटीचं किंवा जुन्या पडद्याचं अस्तर. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पाच-सहा माणसं आंबील-भज्जी घेऊन बसतील एवढं मोठं बसकर तीन जीन्समध्ये झालं. ढेकळं, काटे टोचत नाहीत आणि झटकलं की स्वच्छ. मशीनवर शिवताना सोळा नंबरची सुई लावा आणि जिथं शिवणीवर शिवण येते तिथं पाय सोडून चाक हातानं फिरवा. नाहीतर सुई तुटून डोळ्याकडं उडते.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमची बाजारची पिशवी जीन्सच्या एका पायाचीच आहे. तळ शिवा, वर कमरपट्ट्याचा बंद लावा, झालं. बंद जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा.

खेळणी आणि उरलेल्या चिंध्या

शिवता शिवता डब्यात चिंध्या जमतात. सुती वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. पोळ्याच्या आधी आम्ही त्यांचे बैल करतो. मोज्याचा किंवा टीशर्टच्या बाहीचा धड, चिंध्या ठासून भरायच्या, चार पाय वेगळे शिवून लावायचे. शिंगं तिरकी कापलेल्या चिंधीची, गच्च गुंडाळून शिवलेली. झूल साडीच्या काठाची. डोळे दोऱ्याचेच काढा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या खेळण्यावर बटण, मणी, घुंगरू काही नको. भरण्याआधी चिंध्या बारीक कातरा, मोठे गोळे ठासले तर बैल गाठाळतो. धुतल्यावर आतून वाळायला दोन दिवस कडक ऊन लागतं. आतून ओला राहिला की बुरशीचा वास येतो.

टीशर्टचं पायपुसणं मुलं स्वतः करतात. काखेच्या खालच्या भागाच्या तीन बोटं रुंद गोल पट्ट्या कापा, त्या ओढल्या की कडा आपोआप आत वळतात. तीन पट्ट्या खिडकीच्या गजाला बांधून वेणी घाला, संपल्या की पुढची पट्टी टोकाला शिवा. सहा-सात मीटर वेणी झाली की फरशीवर सपाट ठेवून गोल गुंडाळत जा आणि शेजारच्या वळणाला हातानं शिवा. हातात धरून शिवलं तर ते टोपलीसारखं वर उचलतं, म्हणून फरशीवरच. माझ्या लेकीनं वेणी घातली, धाकट्यानं पट्ट्या ओढल्या आणि शिवलं मी.

नवरात्राआधी दसरा काढताना, म्हणजे सगळं घर झाडून-धुऊन काढताना, सगळ्या गोधड्या, दुपटी धुवायला निघतात. ओल्या गोधडीला दोघींनी मिळून पिळा, एकटीनं खेचली तर धावदोरे तुटतात. वाळून आली की दारात ताणून धरा आणि उजेडाकडं बघा. जिथं चांदणं दिसेल तिथं डब्यातली चिंधी आतल्या बाजूनं ठेवून धावदोऱ्याच्या चार ओळी घाला. आमच्या घरातल्या पहिल्या दुपट्याला अशी सात ठिगळं आहेत, आणि धाकटा अजून तेच घेऊन झोपतो.